कोटोरच्या आखाताकाठचे नसलेले घर

एड्रियाटिक समुद्राकाठच्या मॉन्टेनेग्रो या युरोपीय देशात घर भाड्याने देण्याच्या नावाखाली २०२४ च्या उन्हाळ्यात आमची फसवणूक झाली. ती तपशीलवार लिहिण्याचे कारण असे की, त्या व्यवहारात आम्हाला सांगितल्या गेलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या. देश खरा, तिथले नियम खरे, पर्यटकांवरचा कर खरा, बँकेची जी अडचण सांगितली गेली तीही खरी; खोटी होती ती मुख्यतः घरमालकीण आणि तिचे घर. 'स्वस्ताच्या आमिषाला भुलू नका' एवढ्या सल्ल्याने अशी फसवणूक टळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आम्ही जर्मनीत राहतो आणि त्या वर्षी आई-बाबा नाशिकहून आमच्याकडे आले होते. त्यांना समुद्रही पाहायचा होता आणि डोंगरही, आणि लांबलांबचे प्रवास त्यांना झेपणारे नव्हते. मॉन्टेनेग्रो हा देश आमच्या नाशिक जिल्ह्यापेक्षाही क्षेत्रफळाने लहान आहे. कोटोरच्या आखाताकाठून सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत दुर्मितोरच्या डोंगरात, जवळजवळ दीड हजार मीटर उंचीवरच्या झाब्ल्याक गावात पोचू शकतो. चलन युरो असल्यामुळे पैसे बदलण्याची कटकट नाही, आणि वैध शेंगेन व्हिसा (एकाच व्हिसावर युरोपातल्या बहुतेक देशांत फिरू देणारा) असलेल्या भारतीयांना तिथे तीस दिवसांपर्यंत वेगळा व्हिसा लागत नाही. एवढ्या सोयी एकत्र असल्यामुळे बेत लगेच ठरला.

राहण्याच्या जागा शोधण्याच्या एका प्रसिद्ध संकेतस्थळावर कोटोरला लागून असलेल्या दोब्रोता या वस्तीतले एक घर आम्हाला पसंत पडले. भाडे ऑगस्टमधल्या चालू दरापेक्षा किंचितच कमी होते, त्यामुळे शंका घेण्यासारखे त्यात काही नव्हते. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या किती आहेत असे विचारले, तेव्हा मालकीण म्हणवणाऱ्या बाईंचे अतिशय आपुलकीचे उत्तर आले. घर तळमजल्यावर आहे, कोटोरच्या तटबंदीवर चढण्याच्या भानगडीत मात्र त्यांना पाडू नका, तिथे तेराशेहून अधिक पायऱ्या आहेत, असे त्यांनी लिहिले होते. ही माहिती बरोबर होती. पुढचे बोलणे त्यांनी व्हॉट्सॲपवर नेले. झाब्ल्याकला त्यांच्या भावाचे लाकडी घर आहे, दोन्ही घरे एकत्र घेतलीत तर दर थोडा कमी करते, पण तो व्यवहार संकेतस्थळावर दाखवता येत नाही, असे कारण त्यांनी दिले. समुद्र आणि डोंगर दोन्ही हवे असणाऱ्यासाठी हा प्रस्ताव अगदी मापाने बेतलेला होता.

त्यानंतर करारपत्र आले. त्यावर शिक्का होता, घराचा पत्ता होता, रद्द केल्यास किती रक्कम परत मिळेल याचे कलम होते, आणि सोबत मालकिणीच्या पासपोर्टची प्रत होती. त्यांनी आमच्या सगळ्यांच्या पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या प्रती मागितल्या, कारण परदेशी पाहुण्यांची नोंदणी करणे तिथे सक्तीचे आहे. हेही खरे आहे. मॉन्टेनेग्रोत आलेल्या परदेशी माणसाची नोंद पोचल्यापासून चोवीस तासांत व्हावी लागते, आणि खासगी घरात उतरलेल्यांची नोंद बहुधा घरमालकच करतो. फरक एवढाच की ही नोंद पोचल्यावर होते. तिच्यासाठी महिनाभर आधी पासपोर्टच्या प्रती परक्या माणसाच्या फोनवर पाठवण्याची काहीही गरज नसते.

निम्मी रक्कम आगाऊ भरायची होती. खात्याचा क्रमांक आला तो युरोपीय संघातल्या दुसऱ्याच एका देशातला होता. मॉन्टेनेग्रोच्या खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, 'एमई' या अक्षरांनी सुरू होतो आणि बावीस चिन्हांचा असतो. इथे आरंभीची दोन अक्षरेच वेगळी होती. विचारणा केल्यावर उत्तर मिळाले की मॉन्टेनेग्रो युरोच्या सामाईक हस्तांतर व्यवस्थेत, म्हणजे सेपामध्ये, नाही, थेट पैसे पाठवले तर दोन्हीकडच्या बँका मोठे शुल्क कापतात, म्हणून परदेशात नोकरी करणाऱ्या मुलाच्या खात्यावर पाठवा. त्या उन्हाळ्यात परिस्थिती खरोखरच तशी होती. मॉन्टेनेग्रोतल्या बँका त्या व्यवस्थेत आल्या त्या ऑक्टोबर २०२५ मध्ये. म्हणजे ही सबब आज कोणी सांगत असेल, तर ती जुनी झालेली आहे. पैसे पाठवताना आम्ही मालकिणीचे नाव लिहिले होते, पण तेव्हा युरोपातल्या बऱ्याच बँका नाव आणि क्रमांक जुळतात की नाही हे तपासत नव्हत्या, केवळ क्रमांकावर रक्कम जमा होत असे. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाच्या युरो वापरणाऱ्या सदस्य देशांतल्या बँकांना ही पडताळणी बंधनकारक झाली आहे. नाव जुळत नसल्याची सूचना पडद्यावर आली, तर 'मुलाचे खाते आहे', 'जुने आडनाव आहे' असले कोणतेही स्पष्टीकरण ऐकून पुढे जाऊ नका.

पैसे पोचल्यावर पर्यटन कर आगाऊ भरण्याची मागणी आली. हा कर तिथे आहेच, मोठ्या माणसामागे दिवसाला साधारण एक युरो, पण तो मुक्कामी गेल्यावर भरायचा असतो. मग थोड्याच दिवसांत खरी मोठी मागणी आली: भारतीय पासपोर्ट असलेल्यांना 'प्रवेश परवाना' लागतो, तो काढला नाही तर दुब्रोव्निकमार्गे परतताना क्रोएशियाचे पोलीस आई-बाबांना सीमेवर अडवतील. प्रत्येकी नव्वद युरो. इथे मात्र त्यांचे सोंग उघडे पडले. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेन क्षेत्रात आहे आणि मॉन्टेनेग्रो नाही. त्यामुळे दुब्रोव्निकला उतरून रस्त्याने मॉन्टेनेग्रोतल्या हेर्सेग नोव्हीकडे जाणारा प्रवासी शेंगेनच्या बाहेर पडतो आणि परतताना पुन्हा आत येतो. त्यासाठी व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा असावा लागतो. आई-बाबांचा व्हिसा तसा होता. ज्यांचा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे, त्यांना कोणत्याही घरमालकाचा, दलालाचा किंवा प्रवास कंपनीचा कागद परत आत आणू शकत नाही. मुलांकडे युरोपात आलेल्या आणि केवळ एका प्रवेशाचा व्हिसा मिळालेल्या आई-वडिलांची अशा 'परवान्या'पायी किती सहज लूट होऊ शकेल, या विचाराने मला आजही संताप येतो.

त्या रात्री घराची छायाचित्रे पुन्हा उघडून एकेक बारकाईने पाहिली. सगळ्यांत सुंदर छायाचित्र सज्जाचे होते: कठड्यावर जास्वंदीसारख्या लाल फुलांची कुंडी, आणि समोर पाण्यात दोन लहान बेटे, एकावर निळ्या घुमटाचे चर्च, दुसऱ्यावर सुरूंची दाटी. ही बेटे आखाताची ओळखच आहेत, पण ती पेरास्त गावासमोर आहेत. दोब्रोता तिथून काही किलोमीटर आत, आखाताच्या कोटोरकडच्या टोकाला आहे. तिथल्या कोणत्याही सज्जातून ती अशी हाकेच्या अंतरावर दिसणे शक्य नाही. त्याच छायाचित्राचा प्रतिमाशोध घेतल्यावर ते पेरास्तमधल्या एका वेगळ्याच निवासाच्या जाहिरातीत सापडले. आम्ही मालकिणीला साधे दोन प्रश्न पाठवले: कामेनारी–लेपेताने फेरीबोटीने आलो तर कोटोरच्या कोणत्या बाजूने यायचे, आणि गाडी कुठे उभी करायची? आखाताकाठी राहणारे माणूस ही उत्तरे झोपेतही देईल. त्यांचे उत्तर आले, 'परवान्याचे पैसे आज भरा, नाहीतर आरक्षण रद्द होईल.' नंतर तो क्रमांक बंद झाला.

बँकेने रक्कम परत मागवण्याचा प्रयत्न केला, पण समोरचे खाते रिकामे झालेले होते. कार्डाने भरलेल्या पैशांवर बँकेमार्फत दावा करता येतो, बँक हस्तांतरावर तसा हक्क जवळजवळ राहत नाही; म्हणूनच असे लोक कार्ड टाळतात. संकेतस्थळाने जबाबदारी नाकारली, कारण व्यवहार त्यांच्या व्यवस्थेबाहेर झाला होता, आणि नियमाच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर आहे. जर्मन पोलिसांकडे रीतसर तक्रार नोंदवली. भारतातून पैसे पाठवले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीवर ताबडतोब फोन करावा. पहिल्या काही तासांत खाते गोठवले गेले तरच रक्कम हाती लागण्याची आशा असते.

आम्ही सहल रद्द केली नाही. संकेतस्थळावरूनच, कार्डाने पैसे भरून, कोटोरजवळ दुसरे घर घेतले. दारावर दर्जाचे तारे असलेली पाटी होती. घराच्या आजींनी ओसरीवरच्या टेबलाशी बसून चष्मा लावून आमच्या पासपोर्टचे क्रमांक वहीत उतरवून घेतले, पासपोर्ट तिथल्या तिथे आईच्या हातात परत दिले, कराचे पैसे रोख घेतले आणि दुसऱ्या दिवशी नोंदणीची चिठ्ठी आणून दिली. प्रती काढणे नाही की फोनने फोटो घेणे नाही. खासगी घर भाड्याने देण्यासाठी तिथे स्थानिक प्रशासनाची मान्यता लागते. ती दाखवायला सांगितल्यावर खऱ्या मालकाला राग येत नाही, हे आजींनी कागद स्वतःहून पुढे केला तेव्हा आईनेच मला म्हटले.

गेलेल्या पैशांपेक्षा पासपोर्टच्या प्रतींची चिंता आम्हाला जास्त आहे. तक्रार नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याने सांगितले की मालकिणीच्या नावाने आम्हाला आलेला पासपोर्ट बहुधा आधी फसवल्या गेलेल्या एखाद्या स्त्रीचा असावा. म्हणजे आमच्या बाबांचा पासपोर्टही आज कोणाला तरी 'मालकाचा पुरावा' म्हणून पाठवला जात असू शकतो. एड्रियाटिकच्या किनाऱ्यावरच्या घरासाठी एखाद्या वयस्कर भारतीय गृहस्थांचा पासपोर्ट आपल्याला आला, तर पैसे पाठवू नका, आणि आपल्या पोलिसांकडे तक्रार करताना ती प्रत जरूर जोडा.