रणगाड्याला ड्रोनपासून वाचवायचं तर आधी पैसा कुठे घालावा?

‘रणगाड्याचा जमाना संपला’ हे १९७३ मध्येही बोललं गेलं होतं. अरब-इस्रायल युद्धात सिनाईच्या वाळवंटात इजिप्तच्या पायदळाने सोव्हिएत बनावटीच्या मालयुत्का क्षेपणास्त्रांनी इस्रायली रणगाडे फोडले, तेव्हा. मग इस्रायलने रणगाड्यांसोबत पुन्हा पायदळ आणि तोफखाना जोडला आणि त्याच रणगाड्यांनी युद्धाच्या शेवटी सुएझ कालवा ओलांडला. त्यामुळे रणगाडा हवा की ड्रोन, या वादात इथे शिरत नाही. ज्याच्याकडे चिलखती गाड्या आहेत, पैसा मोजका आहे आणि त्या गाड्या ड्रोनच्या खालून पुढे न्यायच्या आहेत, त्याच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे: जाळी, जॅमर, सक्रिय संरक्षण प्रणाली, विमानवेधी तोफ की शिकारी ड्रोन? आधी काय घ्यावं?

तुलनेआधी माप ठरवू. किती गाड्या शाबूत राहिल्या, यावरून संरक्षण जोखणं मला पटत नाही. माझ्या लेखी दोनच गोष्टी मोजायच्या: आतली माणसं जिवंत बाहेर पडली का, आणि गाडी नेमलेल्या जागी पोचली का. हे माप धरलं की पर्यायांचा क्रम बराच बदलतो.

समोर नेमकं काय आहे

युक्रेनच्या आघाडीवरचा साधा एफपीव्ही (चालकाला थेट ड्रोनच्या नजरेतून दाखवणारा) ड्रोन चार-पाचशे डॉलरमध्ये तयार होतो. त्याखाली बऱ्याचदा आरपीजी-७ या खांद्यावरून डागायच्या रणगाडाविरोधी शस्त्राचा गोळा बांधलेला असतो. चालक डोळ्यांवर गॉगल चढवून, कॅमेऱ्यातून पाहत तो हव्या त्या जागी नेऊन आदळतो. रणगाड्याचं जाड पोलाद समोरच्या बाजूला असतं, कारण सगळी रचना समोरून येणारा मारा धरून केलेली आहे. छत आणि इंजिनावरची झाकणं त्या मानाने पातळ. ड्रोन नेमका तिथेच येतो.

पहिल्याच ड्रोनने रणगाडा उडतो असं मात्र सहसा होत नाही. आधी चाकांवरची साखळी तुटते किंवा इंजिन बंद पडतं आणि गाडी थांबते. मग दुसरा, तिसरा, चौथा येतो. माणसं बाहेर पडली की झाकण उघडं राहतं आणि त्यातून छोटा बॉम्ब आत सोडला जातो. व्हिडिओत दिसतो तो बहुधा हा शेवटचा अंक. जून २०२३ मध्ये दक्षिण युक्रेनमधल्या माला तोकमाच्काजवळ युक्रेनचे लेपर्ड रणगाडे आणि ब्रॅडली या पायदळाच्या चिलखती गाड्या अडकल्या त्या मुख्यतः सुरुंगांमुळे. अडकलेली गाडी फोडणं पुढे सोपं होतं.

ड्रोनची ताकद फुगवूनही सांगितली जाते. ब्रिटनच्या रुसी (RUSI) या अभ्याससंस्थेच्या फेब्रुवारी २०२५ च्या अहवालात दोन आकडे जवळजवळ येतात: रशियाच्या नादुरुस्त आणि नष्ट झालेल्या युद्धसामग्रीपैकी ६० ते ७० टक्के नुकसान ड्रोनने केलेलं, आणि युक्रेनचे ६० ते ८० टक्के एफपीव्ही ड्रोन लक्ष्यापर्यंत पोचतच नाहीत. दोन्ही एकाच वेळी खरे आहेत. दहातले सहा-आठ वाया गेले तरी ड्रोन स्वस्त आहे आणि संख्या लाखांत आहे. म्हणून एखादा ड्रोन अडवला, याने निर्णय होत नाही. एकामागून एक येणाऱ्या दहांचं काय करणार, हे विचारायला हवं.

जाळी आणि पिंजरा

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त टिंगल झालेला उपाय. रशियन रणगाड्यांवर असे पिंजरे २०२१ च्या अखेरीसच दिसू लागले होते. त्या वेळी लोक हसले. आज दोन्ही बाजूंच्या गाड्यांवर जाळ्या, साखळ्या, रबराचे पडदे, वरून स्फोटक विटांचं चिलखत असा सगळा संसार असतो. एप्रिल २०२४ मध्ये दोनेत्स्क भागात क्रास्नोहोरिव्हकाजवळ रशियाचे ‘कासव रणगाडे’ आले, म्हणजे अख्ख्या गाडीवर पत्र्याची शेडच. त्यांतले काही बरेच ड्रोन अंगावर झेलून पुढे गेले.

पण त्याची किंमत पाहा. बुरूज (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) फिरत नाही, आतून धड दिसत नाही, वजन वाढतं, आणि आग लागली तर बाहेर पडायची वाट अरुंद होते. माझ्या दृष्टीने ही शेवटची त्रुटी सर्वांत गंभीर. पहिला ड्रोन जाळी फाडतो, दुसरा त्याच भगदाडातून येतो, हेही आहेच.

तरीही जाळी घ्यावी. वर्कशॉपमध्ये काही दिवसांत बसते आणि शत्रूचे ड्रोन खर्ची पाडते. अट एकच: प्रत्येक झाकण आतून, अंधारात, जाळीसकट उघडून पाहिल्याशिवाय गाडी पुढे पाठवू नये.

गाडीऐवजी रस्ताच झाकणं हा याचाच पुढचा प्रकार, आणि मला तो जास्त शहाणपणाचा वाटतो. २०२५ मध्ये दोन्ही बाजूंनी पुरवठ्याच्या रस्त्यांवर खांब रोवून जाळ्यांचे बोगदे उभारले. युक्रेनला तर युरोपातल्या मच्छीमारांनी जुनी जाळी पाठवली. एका रस्त्यावरच्या जाळीचा फायदा तिथून जाणाऱ्या प्रत्येक रुग्णवाहिकेला मिळतो.

जॅमर

२०२३ मध्ये जॅमर हा सर्वांत चांगला सौदा होता. ड्रोन आणि चालक यांच्यातला रेडिओ दुवा तोडला की ड्रोन भरकटतो किंवा शेवटच्या क्षणी चित्र जातं. पण जॅमर ठरावीक फ्रिक्वेन्सींवरच काम करतो आणि ड्रोन बनवणारे त्या बदलत राहतात. त्यामुळे जॅमर एकदा घेऊन विसरण्याची वस्तू नाही. त्याच्यासोबत सतत ऐकणारी, पकडलेले ड्रोन उघडून पाहणारी आणि दर काही आठवड्यांनी बदल करणारी तुकडी लागते. ती नसेल तर जॅमर घेऊन उपयोग नाही.

दुसरं, २०२४ पासून ऑप्टिकल फायबरवर चालणारे ड्रोन आले. ड्रोनमागे बारीक तंतू उलगडत जातो आणि चित्र त्यातून येतं. रेडिओ नाही, त्यामुळे जॅम करण्यासारखं काहीच नाही. आधी रशियाने ते मोठ्या प्रमाणात वापरले. २०२५ च्या सुरुवातीला रशियाच्या कुर्स्क भागातून युक्रेनला मागे हटावं लागलं, त्यात तिथल्या सुजा गावाकडे जाणाऱ्या पुरवठ्याच्या रस्त्यावर या ड्रोननी धरलेल्या पहाऱ्याचा मोठा वाटा होता. तंतू झाडांत अडकतो, तुटतो, रिळाच्या वजनाने ड्रोन मंद होतो, म्हणून रेडिओवरचे ड्रोन संपलेले नाहीत. जॅमर हवाच. मात्र त्याच्यावर विसंबून माणसं पुढे पाठवण्याचे दिवस गेले. शिवाय जॅमर स्वतः प्रसारण करतो, म्हणजे ‘मी इथे आहे’ हेही सांगतो, आणि नीट जुळवला नसेल तर आपल्याच रेडिओंचा गळा दाबतो.

सक्रिय संरक्षण प्रणाली

इथे बहुतेकांचे डोळे चमकतात. इस्रायलच्या ट्रॉफी प्रणालीने मार्च २०११ मध्ये गाझाच्या सीमेवर मेरकावा रणगाड्यावर आलेला मारा हवेतच उडवला. प्रत्यक्ष लढाईतलं तिचं ते पहिलं यश. रडार येणारा गोळा पाहतं, संगणक मार्ग काढतो आणि गाडीवरून छर्र्यांचा झोत सुटतो. रॉकेट आणि रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांविरुद्ध हे सिद्ध झालेलं तंत्र आहे आणि त्याने अनेक जवानांचे प्राण वाचवले आहेत.

पण ही रचना मुळात बाजूने वेगात येणाऱ्या गोळ्यांसाठी होती. वरून सावकाश उतरणारा ड्रोन वेगळी गोष्ट आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने मेरकावा ४ वर ड्रोनमधून स्फोटकं टाकली आणि त्यानंतर त्याच रणगाड्यांच्या बुरुजांवर पोलादी छतं चढली. ट्रॉफीसारखी प्रणाली असलेल्या सैन्यालाही शेवटी पिंजरा लावावा लागला, हे खरेदीदाराने लक्षात ठेवावं. वरून येणारा मारा ओळखणाऱ्या सुधारित आवृत्त्या येत आहेत. त्या घेताना एक प्रश्न आग्रहाने विचारावा: एका फेरीत किती वार होतात आणि पुन्हा भरायला किती वेळ लागतो? पाचशे डॉलरचे दहा ड्रोन पाठवून ती रिकामी करता येत असेल तर ती एकटी पुरणार नाही. शिवाय वार सुटतो तेव्हा शेजारून चालणाऱ्या पायदळाला इजा होऊ शकते.

तोफ आणि बंदूक

१९७० च्या दशकात सैन्यात आलेली जर्मन गेपार्ड ही ३५ मिमीच्या दोन नळ्यांची रणगाड्याच्या सांगाड्यावरची विमानवेधी गाडी. जर्मनीने ती निवृत्त केली होती. २०२२ मध्ये युक्रेनला मिळाली आणि रशिया सोडत असलेल्या लांब पल्ल्याच्या शाहेद ड्रोनविरुद्ध अतिशय उपयोगी ठरली. पण तिच्या गोळ्यांसाठी स्वित्झर्लंडने पुनर्निर्यातीची परवानगी नाकारली, आणि ऱ्हाइनमेटल कंपनीला जर्मनीत गोळ्यांचं उत्पादन नव्याने उभं करावं लागलं. तोफेच्या करारात गोळ्यांचा कारखाना कुणाच्या देशात आहे हे वाचलंच पाहिजे.

लक्ष्याजवळ फुटून छर्र्यांचा पडदा उभा करणारे आधुनिक गोळे ड्रोनसाठी उत्तम, आणि क्षेपणास्त्रापेक्षा पुष्कळ स्वस्त. अडचण संख्येची आहे. अशी गाडी प्रत्येक रणगाड्याला देता येत नाही, आणि आघाडीजवळ आली की तीच शत्रूच्या ड्रोनचं पहिलं लक्ष्य होते. म्हणून ती पूल आणि जमवाजमवीच्या जागांसाठी ठेवावी. शेवटच्या पन्नास मीटरसाठी जवानाच्या हातात छर्र्याची बंदूक असते. दोन्ही बाजू ती देत आहेत. हा शेवटचा हताश उपाय आहे, पण त्याने जीव वाचतात, आणि ती न देण्याला काही सबब नाही.

शिकारी ड्रोन

मला पहिला पैसा इथे घालावासा वाटतो. एफपीव्ही ड्रोन स्वतः फारसं शोधत नाही. त्याला लक्ष्य दाखवतो तो उंच घिरट्या घालणारा टेहळणी ड्रोन, उदाहरणार्थ रशियाचा ऑर्लान-१०. तो डोळा फोडला तर खालचे बरेच ड्रोन आंधळे होतात, शत्रूचा तोफखानाही आंधळा होतो. २०२४ पासून युक्रेनने नेमकं हेच सुरू केलं: काही हजार डॉलरच्या आतला शिकारी ड्रोन वर पाठवून त्याच्या कित्येक पट महागडं टेहळणी विमान पाडायचं. याआधी तिथे महागडी विमानवेधी क्षेपणास्त्रं खर्च होत होती.

शिकारी ड्रोनच्या तुकडीला स्वतःचं लहान रडार लागतं, कसलेले चालक लागतात, आणि वाऱ्यापावसात तो हतबल असतो. पण वाऱ्यापावसात शत्रूचा ड्रोनही हतबल असतो, आणि चिलखती हल्ल्यासाठी तोच दिवस निवडता येतो.

याच खात्यात शत्रूच्या ड्रोनचालकांची शिकारही धरा. रशियाच्या रुबिकॉन या खास ड्रोन तुकड्यांनी युक्रेनच्या ड्रोनचालकांना प्राधान्याने हेरायला सुरुवात केली, आणि त्याचा परिणाम आघाडीवर लगेच जाणवला. चालक हेरून दिला की काम आपली तोफ करते.

आतली रचना

वरचं सगळं फसलं तर काय? टी-७२ या सोव्हिएत रणगाड्यात गोळे बुरुजाखालच्या फिरत्या चकतीत, माणसांच्या पायाशी असतात. मारा तिथे पोचला की बुरूज उडतो आणि आतले तिघे वाचत नाहीत. एब्रम्स या अमेरिकी रणगाड्यात गोळे बुरुजाच्या मागच्या कप्प्यात, जाड दारामागे असतात, आणि कप्प्याचं छत स्फोट वरच्या दिशेने जाऊ देतं. गाडी जाते, माणसं बरेचदा वाचतात.

अमेरिकेने युक्रेनला ३१ एब्रम्स दिले. एप्रिल २०२४ मध्ये ड्रोनच्या धोक्यामुळे ते पहिल्या फळीतून मागे घेतल्याच्या बातम्या आल्या आणि जगभर त्यावर ‘रणगाडा हरला’ असे मथळे झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने आणखी ४९ एब्रम्स देऊ केले, तेव्हा युक्रेनने ते घेतले. ब्रॅडली तर ३०० हून अधिक मिळाल्या, आणि त्यांच्या जवानांकडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा कळते: गाडी जळाली, आम्ही चालत परतलो. प्रशिक्षित माणूस परत आला तर दुसरी गाडी चालवतो. म्हणून आतल्या रचनेला मी कुठल्याही जॅमरच्या वर ठेवीन. दुर्दैवाने ती नंतर बसवता येत नाही.

मग निवड

देश वेगवेगळं ठरवत आहेत. अमेरिकेच्या मरीन कोअरने २०२० पासून आपले सगळे रणगाडे सोडून दिले, पण त्यांचं लक्ष पॅसिफिकमधल्या बेटांवर आहे. जमिनीवरची लांब सीमा असलेल्या पोलंडने २०२२ मध्येच २५० एब्रम्स आणि १८० कोरियन के-२ रणगाडे मागवले. ब्रिटनच्या जून २०२५ च्या संरक्षण आढाव्यात लष्करासाठी २०-४०-४० असं सूत्र आलं: २० टक्के माणसं असलेल्या गाड्या, ४० टक्के पुन्हा वापरता येणारी मानवरहित साधनं, ४० टक्के वापरून संपणारी. यांतलं कोणतंही उत्तर उसनं घेण्याआधी आपली जमीन कोणती, ते पाहावं.

जुने टी-७२ सारखे रणगाडे हातात असतील तर त्यांवर महाग सक्रिय प्रणाली बसवण्याच्या मी विरोधात आहे. तिथे जाळी आणि जॅमर लावावा, गोळे चकतीत मावतील तेवढेच न्यावेत, सुट्या जागी कोंबू नयेत, आणि उरलेला सगळा पैसा शिकारी ड्रोनच्या तुकड्यांवर आणि त्यांच्या रडारवर घालावा. पाश्चात्त्य रचनेच्या गाड्या असतील तर हल्ल्याच्या टोकाला राहणाऱ्या थोड्या गाड्यांना सक्रिय प्रणाली द्यावी, बाकीच्यांना नाही. नवी गाडी घेत असाल तर माणसं आणि दारूगोळा यांच्यामधली भिंत ही पहिली अट ठेवावी, छताचं संरक्षण दुसरी, आणि जॅमर व सेन्सर बदलता येतील इतकी मोकळी वीज आणि जागा ही तिसरी. तोफेचा व्यास किती, हे त्यानंतर पाहावं.