ऑइलमध्ये पाणी आलं होतं, शिरोली नाक्याजवळच्या गॅरेजचा अनुभव (4 स्टार)

उसाचा हंगाम तोंडावर आणि सकाळी ड्रायव्हरने गेजपट्टी (इंजिन ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) ओढून दाखवली तर ऑइल एकदम दुधाच्या चहासारखं, लेव्हल पण बोटभर वर. गाडी आमची जुनी टाटा 1613 ट्रक, कमिन्सचं 5.9 लिटरचं 6बीटी इंजिन. रेडिएटरमधलं पाणी आठवडाभर कमी होत होतं पण खाली कुठं थेंब नाय, तेव्हाच डोक्यात यायला पाहिजे होतं.

आधी नेहमीच्या ठिकाणी नेली (नाव घेत नाही), त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं हेड पॅकिंग (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती सुटी नळी) पण बघावे लागतील, 65 हजार धरून चाला. मग साडूने शिरोलीचं हे गॅरेज सांगितलं. सर्व्हिस रोडला पत्र्याचं शेड, बोर्डवरचा रंग उडालेला. म्हातारे मिस्त्री लायनरचं ऐकून हसायलाच लागले, "मालक, या इंजिनाला कंपनीतून लायनर येतच नाही, बोअर ब्लॉकातच असतंय."

त्यांनी त्या दिवशी एक पाना लावला नाही. गाडी रात्रभर तशीच उभी ठेवली, मला वाटलं टाळतायत. सकाळी चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा) नट हळूच ढिला केला तर आधी हिरवं पाणी आलं, चांगलं लिटरभर, आणि मग ऑइल. पाणी जड म्हणून रात्रीत तळाला बसतं. मधल्या ऑइलचे दोन थेंब स्टोव्हवरच्या जुन्या तव्यावर टाकले, फोडणीसारखं तडतडलं, म्हणजे त्यातही पाणी मिसळलेलं. मग हलकं ऑइल भरून, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन पाच मिनिटं चालवलं. बुडबुडे नाहीत, सायलेन्सरला पांढरा धूर नाही, म्हणजे हेड पॅकिंगवर संशय कमी. पण रेडिएटरच्या तोंडाशी बोट फिरवून दाखवलं तर काळा चिकट थर. म्हणाले इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त म्हणून ऑइल पाण्यात जातं, बंद केलं की ऑइलचं प्रेशर शून्य पण तापलेल्या रेडिएटरचं राहतं म्हणून पाणी ऑइलमध्ये येतं, दोन्हीकडून चाललंय म्हणजे आधी ऑइल कुलर (पाण्याने ऑइल थंड करणारा भाग) बघायचा.

फिल्टरच्या मागचं कव्हर खोलून कुलर काढला, तोंडं रबर आणि पट्टीने बंद करून हवा दिली आणि गरम पाण्याच्या पिंपात बुडवला. थोडा वेळ काहीच नाही, मी म्हटलं गेले 65 हजार. मग एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक रेघ वर यायला लागली, सुईच्या भोकाएवढं लीक!

नवीन कुलर टाकला, रेडिएटर साबणपूड घालून तीनदा धुतला, होज ऑइलने फुगून मऊ पडलेले ते बदलले. चेंबर उतरवून बेरिंग बघायचं त्यांनीच अडून सांगितलं, मी नको म्हणत होतो कारण खर्च वाढतोय, पण शेल (बेरिंगच्या अर्ध्या वाट्या) काढून हातात दिले तर करडे डाग पडलेले, सेटच बदलला. फ्लशिंगचं ऑइल वेगळं, फिल्टर दोनदा. सगळं मिळून 22 हजार आणि चार दिवस.

एक स्टार कापलाय तो फोनसाठी, दहा वेळा लावला तर एकदा उचलतात आणि "होतंय की" एवढंच सांगतात. बिल पण सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्यावर, पक्कं मागितल्यावर पोराला दुकानात पिटाळलं. बसायला टायर. आणि संध्याकाळी सातनंतर गाडी आत घेत नाहीत, तेव्हा लांबून येणार असाल तर पाचच्या आत पोचा, म्हणजे रात्रभर उभी करायचा एक दिवस वाचेल.

दोन महिने झाले, रोज ऊस भरून चाललीय. गेजपट्टी अजून मीच ओढून बघतो, ड्रायव्हर चिडतो.