हुकूमनाम्यानंतरची कामे: पुण्यातील एका सल्ला कार्यालयाचा अनुभव

परस्पर संमतीने घटस्फोट मंजूर झाल्याचा हुकूमनामा पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून हाती आला, त्यानंतर जवळजवळ तीन महिने मी एकही कागद हलवला नव्हता. विवाह संपला होता. परंतु बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी, आधार आणि घराचे कर्ज या सर्वांच्या लेखी मी अजून विवाहितच होते. अशा वेळी एका मैत्रिणीने मला या कार्यालयात नेले. न्यायालयीन नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांच्यासोबत काम करणारी एक तरुण कर सल्लागार, अशी दोनच माणसे येथे बसतात. सात महिन्यांत त्यांनी माझी जी कामे मार्गी लावली त्याविषयी सविस्तर लिहीत आहे, कारण या टप्प्यावर नेमके कोठे जावे हे कोणी सांगत नाही.

पहिल्या भेटीत त्यांनी एकही अर्ज भरून घेतला नाही. दीड तास समोर बसवून त्यांनी माझ्याकडून एक यादी करून घेतली: कोणत्या खात्याला कोणाचा मोबाइल क्रमांक जोडलेला आहे, कोठे नॉमिनी म्हणून कोणाचे नाव आहे आणि कोणते बिल कोणाच्या नावे येते. पगाराचे खाते, विम्याच्या दोन पॉलिसी आणि भविष्य निर्वाह निधी, सगळीकडे नॉमिनी म्हणून पूर्वीच्या पतीचेच नाव होते. आरोग्य विमा आणि गॅस जोडणीचे ओटीपी त्यांच्याच फोनवर जात होते. घटस्फोट झाला म्हणून नॉमिनी आपोआप बदलत नाही, प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र अर्ज करावा लागतो, हे मला त्या दिवशी कळले. न्यायालयाच्या नकला विभागातून हुकूमनाम्याच्या सहीशिक्क्याच्या पाच नकला काढून ठेवण्याचा त्यांचा सल्लाही योग्य ठरला, कारण एकाच वेळी चार ठिकाणी मूळ नकलेची मागणी झाली.

या कार्यालयाचे खरे मोल मला नावाच्या प्रश्नात जाणवले. आपल्याकडे लग्नानंतर केवळ आडनाव बदलत नाही. वडिलांचे नाव जाऊन त्या जागी पतीचे नाव येते, आणि घटस्फोटानंतरही ते प्रत्येक ओळखपत्रावर आपल्या नावाच्या मधोमध राहते. मी उत्साहाने आधी आधारवरील नाव बदलायला निघाले होते. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि त्यांपैकी एक संधी मी लग्नानंतर वापरली होती, हे लक्षात आणून देऊन त्यांनी मला थांबवले. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव ‘दत्तात्रय’ आहे, तर जन्मदाखल्यावर ‘दत्तात्रेय’, आणि इंग्रजी अक्षरांतही दोन्हीकडे फरक आहे. “ताई, आधी नाव ठरवा, अर्ज मग,” एवढेच ते निवृत्त गृहस्थ म्हणाले. गुणपत्रिकेवरील नाव कायम ठरवून महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करणे, त्यानंतर आधार, मग पॅन, मग बँक आणि शेवटी पासपोर्ट, असा क्रम त्यांनी लावून दिला. पासपोर्टमध्ये खाडाखोड होत नाही, तो नव्यानेच काढावा लागतो, म्हणून त्याला शेवटची जागा. या क्रमामुळे माझा एकही अर्ज नावातील तफावतीच्या कारणाने परत आला नाही.

घराच्या बाबतीत मात्र मी उशिरा पोहोचले होते. सदनिका आम्हा दोघांच्या नावे होती आणि पूर्वीच्या पतीचा हिस्सा मला मिळावा असे संमतीच्या अटींमध्ये, म्हणजे घटस्फोटासाठी आम्ही दोघांनी लेखी मान्य केलेल्या अटींमध्ये, ठरले होते. महाराष्ट्रात राहती सदनिका पती किंवा पत्नीला बक्षीसपत्राने दिली तर मूळ मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये लागते. परंतु हुकूमनामा झाला की ते नाते उरत नाही आणि त्याबरोबर ही सवलतही जाते. घटस्फोटाचा संयुक्त अर्ज दाखल झाल्यानंतर आम्ही सहा महिन्यांचा जो अवधी काढला, त्यातच बँकेचे ना-हरकत पत्र मिळवून हे बक्षीसपत्र नोंदवता आले असते. आमच्या वकिलांनी हा विषय कधी काढला नाही, मलाही विचारण्याचे सुचले नाही, आणि मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून मला शुल्क भरावे लागले. याचे दुःख मला आजही आहे. कार्यालयाने ही गोष्ट पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितली, खोटी आशा दाखवली नाही. कर्जाचेही तसेच: संमतीच्या अटींत काहीही लिहिलेले असले तरी ज्या बँकेने दोघांच्या सहीवर कर्ज दिले ती त्या अटींनी बांधलेली नसते. माझ्या एकटीच्या उत्पन्नावर बँकेने पुन्हा छाननी केली, तेव्हाच सहकर्जदाराचे नाव वगळले गेले. त्या छाननीसाठी आयकर विवरणपत्रांची आणि पगारपत्रकांची मांडणी त्या तरुण सल्लागाराने फार काळजीपूर्वक केली होती.

तक्रारी दोन आहेत. पाठपुराव्याची माहिती स्वतःहून कळवण्याची पद्धत येथे नाही. राजपत्राच्या कामात पाच आठवडे मला एकही फोन आला नाही आणि मी गेल्यावरच जाहिरात प्रसिद्ध झाल्याचे समजले. दुसरी तक्रार मला अधिक गंभीर वाटते. दारावरच्या पाटीवर ‘घटस्फोटानंतरची कागदपत्रे’ असे लिहिले आहे, आणि त्यामुळे माणसे माझ्यासारखीच हुकूमनामा घेऊन येतात. या दोघांचा सर्वांत मोलाचा सल्ला हुकूमनाम्यापूर्वीच्या महिन्यांसाठी आहे, म्हणून ती पाटी त्यांनी बदलावी असे मी त्यांना सांगितले आहे आणि येथेही पुन्हा सांगते.

शासकीय शुल्क वगळून मी सर्व कामांचे १२,००० रुपये दिले, तेही तीन हप्त्यांत आणि प्रत्येक वेळी पावतीसह. पहिल्या भेटीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. शनिवारी गर्दी असते, त्यामुळे इतर दिवशी दुपारी जावे, आणि संयुक्त अर्ज अजून प्रलंबित असेल तर संमतीच्या अटींचा मसुदा, सदनिकेचा करारनामा व कर्जाचे अलीकडचे विवरण सोबत न्यावे. माझे आता शिधापत्रिकेचे एकच काम शिल्लक आहे. जुन्या पत्रिकेतून नाव कमी झाले असून मुलीचे व माझे नाव असलेल्या नव्या पत्रिकेसाठीचा अर्ज मागच्या आठवड्यात दाखल झाला.