तिहेरी गळाऐवजी बार्बविरहित एकेरी गळ: प्रवाळबेटांभोवतीच्या वापरानंतरचे परीक्षण

प्रवाळबेटाच्या कडेला जिथे लाटा फुटतात, त्या पांढऱ्या रेषेवर मोठा पॉपर (पृष्ठभागावर पाणी उडवणारे कृत्रिम आमिष) फेकून जायंट ट्रेव्हली या मोठ्या शिकारी माशाच्या मागे लागणाऱ्यांमध्ये रॉड, रील आणि दोरी यांविषयी तासन्‌तास चर्चा होते. गळाविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. पॉपरसोबत किंवा स्टिकबेट या लांबट कृत्रिम आमिषासोबत जे तिहेरी, म्हणजे तीन टोकांचे, गळ येतात, तेच बहुतेक जण तसेच ठेवतात. मीही अनेक वर्षे तसेच केले. गेल्या चार सफरींत मात्र माझ्या प्रत्येक आमिषावरचे तिहेरी गळ काढून त्यांच्या जागी 7/0 आणि 9/0 मापाचे (आकडा मोठा तितका गळ मोठा), बार्ब, म्हणजे टोकाच्या मागे असणारा उलटा काटा, नसलेले एकेरी गळ लावले, आणि आता त्यांविषयी जबाबदारीने लिहावे इतका अनुभव गाठीशी आला आहे. माझ्याकडे दोन वेगवेगळ्या निर्मात्यांचे गळ होते. पुढील विवेचन त्यांच्या नावांविषयी नाही, या प्रकारच्या गळाच्या घडणीविषयी आणि प्रत्यक्ष कामगिरीविषयी आहे.

प्रथम घडण. नेहमीच्या एकेरी गळाचे डोळे, म्हणजे दोरी ओवण्याचे कडे, गळाच्या वळणाच्या प्रतलाला काटकोनात असते. असा गळ स्प्लिट रिंगमध्ये (दुहेरी वेटोळ्याच्या कड्यात) अडकवून आमिषाला लावला की तो आडवा लोंबतो आणि त्याचे टोक एका बाजूला वळते. आमिषांसाठी बनवलेल्या इनलाइन गळात हे डोळे फिरवून वळणाच्याच प्रतलात आणलेले असते, त्यामुळे गळ आमिषाच्या मध्यरेषेत सरळ राहतो. त्याचा दांडा आखूड, तार जाड आणि टोक व दांडा यांतील अंतर बरेच मोठे असते. बार्ब काही गळांना मुळातच नसतो. काहींचा बार्ब आपल्याला पकडीने दाबून सपाट करावा लागतो. माझ्याकडे दोन्ही प्रकार होते आणि मुळातच बार्ब नसलेला गळ मला स्पष्टपणे सरस वाटला, कारण दाबलेल्या बार्बचा लहानसा उंचवटा उरतोच आणि जाड तारेचा बार्ब दाबताना टोकाजवळ बारीक तडा जाण्याची भीतीही असते.

पहिली शंका सगळ्यांची एकच असते: तीन टोकांऐवजी एकच टोक राहिले तर मासा लागणार कसा? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर पूर्णपणे एकेरी गळाच्या बाजूने नाही. जायंट ट्रेव्हली पाण्याच्या पृष्ठभागावरील आमिषावर ज्या वेगाने झडप घालते, त्या वेगात तिचा नेम चुकणे ही नेहमीची गोष्ट आहे. अशा वेळी तिहेरी गळाचे एखादे टोक कुठेतरी, कधी जबड्याबाहेर, कधी गालाला, कधी डोळ्याजवळ अडकून जाते आणि मासा लागल्याचा आनंद मिळतो. एकेरी गळाने असे निसटते वार फुकट जातात, हे मान्य केले पाहिजे. परंतु मासा आमिष नीट तोंडात घेतो तेव्हा चित्र बदलते. झटका दिल्यावर दोरीतून येणारा सगळा जोर तिहेरी गळात दोन किंवा तीन टोकांमध्ये वाटला जातो आणि प्रत्येक टोक अर्धवट रुतते. एकेरी गळात तो सगळा एकाच टोकावर येतो. त्यात बार्बचा अडथळा नसल्यामुळे टोक जबड्याच्या कोपऱ्यातील चिवट भागातून वळणापर्यंत आरपार जाते. पॉलिथिलीन धाग्यांच्या विणलेल्या दोरीला, जिला आपण पीई म्हणतो, नायलॉनच्या तुलनेत ताणून लांबण्याचा गुण फारच कमी असल्यामुळे हा झटका जवळजवळ पूर्ण गळापर्यंत पोहोचतो. पहिल्या सफरीत मला लागलेल्या माशांची संख्या घटल्यासारखी वाटली; मात्र लागलेल्यांपैकी नौकेपर्यंत आलेल्यांचे प्रमाण इतके सुधारले की शेवटी तक्रारीला जागा उरली नाही.

याचे दुसरे कारण तारेत आहे. तिहेरी गळाची दोन टोके माशाच्या तोंडात वेगवेगळ्या जागी रुतली की प्रत्येक टोक दुसऱ्याला तरफेसारखे उचलू लागते. माशाने डोके झटकले की एक टोक सुटते किंवा उघडते, आणि प्रवाळाकडे धाव घेणाऱ्या माशाला रोखण्यासाठी ड्रॅग, म्हणजे रीलमधून दोरी सुटण्याला असलेला अटकाव, दहा किलोच्या वर घट्ट केलेला असताना हे फार लवकर घडते. या माशाची ताकद ज्यांनी अनुभवलेली नाही त्यांना कल्पना यावी म्हणून सांगते: या जातीचा नोंदलेला विक्रमी मासा 2006 साली जपानच्या तोकारा बेटांजवळ पकडलेला 72.8 किलो वजनाचा आहे, आणि त्याच्या निम्म्याहून कमी वजनाचा मासासुद्धा पहिल्या धावेत लीडर (दोरीच्या टोकाला जोडलेला जाड तुकडा) प्रवाळावर घासून तोडू शकतो. माझे जुने तिहेरी गळ अनेकदा वाकून आले; 9/0 मापाचा एकही एकेरी गळ अद्याप सरळ झालेला नाही. एकदा स्प्लिट रिंग उघडली, गळ मात्र जसाच्या तसा होता. तेव्हा गळ बदलताना रिंगही त्याच ताकदीची घ्यावी, हे मी त्या दिवशी शिकले.

बार्ब नसल्यामुळे झुंजीच्या वेळी एक शिस्त पाळावी लागते, ती म्हणजे दोरी क्षणभरही सैल पडू न देणे. ट्रेव्हली सहसा हवेत उड्या मारत नाही, ती खाली आणि आडवी ओढते. त्यामुळे ताण आपोआप टिकून राहतो. धोका असतो तो मासा अचानक वळून नौकेच्या दिशेने येतो तेव्हा. अशा वेळी रॉड उंचावून बसण्यापेक्षा रील वेगाने फिरवणे आणि नौका चालवणाऱ्याला आधीच कल्पना देऊन ठेवणे उपयोगी पडते. सेलफिश किंवा मार्लिनसारख्या उसळणाऱ्या माशांच्या बाबतीत हा हिशेब वेगळा आहे आणि त्यांच्यासाठी हा गळ मी त्याच विश्वासाने सुचवणार नाही.

आता ज्या कारणासाठी हे परीक्षण लिहायला घेतले त्याकडे येते. मासा नौकेपाशी आल्यानंतरची दोन मिनिटे हाच या गळाचा खरा कस लागण्याचा काळ आहे. तिहेरी गळांचा एक संच माशाच्या तोंडात आणि दुसरा संच मोकळा, अशा अवस्थेत वीस-पंचवीस किलोचा मासा नौकेच्या कडेला तडफडत असतो, तेव्हा त्या मोकळ्या संचाची टोके माशाच्या कल्ल्यांत, जाळ्यात, किंवा मदतनिसाच्या हातात शिरायला वेळ लागत नाही. माझ्या सोबतच्या एका मदतनिसाच्या तळहातात असाच गळ बार्बसह शिरला होता. दुसऱ्या बाजूने मासा अजून ओढत होता, आणि गळ कापून काढेपर्यंत त्या माणसाने जे सोसले ते पाहिल्यानंतर तिहेरी गळ माझ्या पेटीत परत गेले नाहीत. एकेरी गळाने अपघात होणारच नाही असे नाही, पण बार्ब नसलेला गळ हातात शिरला तरी आल्या वाटेने बाहेर काढता येतो, आणि नौकेवर, किनाऱ्यापासून कित्येक तास दूर असताना, हा फरक फार मोठा ठरतो.

माशाच्या दृष्टीनेही तेवढाच मोठा फरक पडतो. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि दीर्घ झुंजीने थकलेल्या माशाला तर तो जास्त हवा असतो. पाण्याबाहेर जाणारा प्रत्येक क्षण त्याच्या सावरण्याच्या शक्यतेतून वजा होतो. शिवाय प्रवाळाच्या कडेला शार्क घुटमळत असतात आणि अर्धमेला सोडलेला मासा त्यांच्या तावडीतून क्वचितच वाचतो. तिहेरी गळ सोडवताना पकडीने तीन वेगवेगळ्या कोनांतून खटपट करावी लागे. आता पकडीने दांडा धरून एकदा उलटा फिरवला की काम होते, आणि बहुतेक वेळा मासा पाण्यातून उचलावासुद्धा लागत नाही. डोळा फुटलेला किंवा कल्ला फाटलेला मासा सोडण्याची वेळ या चार सफरींत माझ्यावर एकदाही आली नाही. पूर्वी ती येत असे, आणि ते मला दिवसभर सलत असे.

मोठे प्रवाळवासी शिकारी मासे सोडून द्यावेत यासाठी आणखी एक व्यावहारिक कारण आहे. प्रवाळावर वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांपासून तयार होणारे सिग्वाटेरा ही विषबाधा घडवणारे विष अन्नसाखळीत वर वर साठत जाते आणि मोठ्या ट्रेव्हली, बॅराकुडा, ग्रूपर यांच्या मांसात ते घातक प्रमाणात असू शकते. ते शिजवल्याने किंवा गोठवल्याने नष्ट होत नाही. जो मासा सोडायचाच आहे, त्याच्यासाठी सुटायला अवघड असलेला गळ वापरण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही.

बार्ब नसलेला गळ म्हणजे अलीकडचे खूळ, असे म्हणणारे मला भेटले आहेत. त्यांच्यासाठी थोडे विषयांतर करते. ओकिनावा बेटावरील साकितारी गुहेत सापडलेले आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वर्णन केलेले गळ सुमारे 23,000 वर्षांपूर्वीचे आहेत. ते समुद्री गोगलगाईच्या शंखातून घासून बनवलेले आहेत. प्रशांत महासागरातील बेटांवरील लोकांनी शिंपल्यातून आणि हाडातून आत वळलेल्या टोकाचे जे गळ घडवले, ते मासा वळला की स्वतःभोवती फिरून त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसत. आजचा वर्तुळाकार गळ त्याच तत्त्वावर चालतो. अमेरिकेत अटलांटिकमधील बिलफिश (सेलफिश, मार्लिनसारखे लांब चोचीचे मासे) स्पर्धांत नैसर्गिक आमिष लावायचे असल्यास वर्तुळाकार गळच वापरण्याचा नियम 2008 पासून लागू आहे, कारण तो पोटात न जाता तोंडाच्या कडेलाच लागतो. मालदीव आणि लक्षद्वीपचे मच्छीमार तर दांडी आणि दोरीने स्किपजॅक जातीचा कुपा पकडताना बार्ब नसलेलाच गळ वापरतात. मासा झटक्यात नौकेवर घेतला आणि दोरी सैल पडली की तो आपोआप सुटून खाली पडतो आणि गळ लगेच पुन्हा पाण्यात जातो. पोटासाठी मासेमारी करणारे लोक ज्या गळावर विसंबतात, तो आपल्या छंदाला पुरणार नाही असे म्हणणे मला पटत नाही.

दोष सांगितल्याशिवाय हे परीक्षण अपुरे राहील. सर्वांत त्रासदायक बाब म्हणजे आमिषाचा तोल. पॉपर आणि विशेषतः तरंगणारे स्टिकबेट हे त्यांच्यासोबत येणाऱ्या तिहेरी गळांचे वजन गृहीत धरून घडवलेले असतात. ते काढून हलके एकेरी गळ लावले की आमिष पाण्यात उंच तरंगते, पॉपरचे तोंड पाण्याला नीट धरत नाही आणि स्टिकबेट बुडी मारण्याऐवजी घसरत जाते. उपाय असा की जुन्या आणि नव्या गळांचे वजन तराजूवर तोलून पाहावे आणि फरक राहिल्यास मोठे माप किंवा जड रिंग लावून तो भरून काढावा. माझ्या दोन स्टिकबेटच्या बाबतीत हेही पुरले नाही आणि ते मी बाजूला ठेवले आहेत. गळ लावताना पुढच्या गळाचे टोक आमिषाच्या तोंडाकडे आणि मागच्याचे वर असेल असे बसवावे; उलटे बसवल्यास फेकताना गळ लीडरमध्ये जास्त अडकतो, असा माझा अनुभव आहे.

दुसरा दोष टोकाचा. एकच टोक असल्यामुळे ते बोथट होणे परवडत नाही, आणि प्रवाळाला एकदा जरी घासले तरी ते बोथट होते. दर काही फेकींनंतर नखावर टेकवून पाहावे. घसरले तर कानशीने धार द्यावी किंवा गळ बदलावा. एका निर्मात्याच्या पाकिटातील दोन गळांची टोके नवी असतानाच किंचित वाकलेली होती, हे मला खटकले. त्याच निर्मात्याच्या गळांवर एका रात्रीत, गोड्या पाण्याने धुऊनही, डोळ्याजवळ गंज धरला. दुसऱ्याचे कथिलाचा मुलामा दिलेले गळ सफर संपेपर्यंत टिकले. गंजाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे: कधीच न गंजणारा स्टेनलेस गळ मला नको, कारण दोरी तुटून तो माशाच्या तोंडात राहिला तर फार काळ राहील. आठवडाभर टिकणारा आणि समुद्रात पुढे गंजून जाणारा पोलाद मला योग्य वाटतो, आणि त्यापोटी दर सफरीला नवे गळ घ्यावे लागले तरी माझी हरकत नाही.

जाड तारेमुळे हलक्या रॉडवर हा गळ नीट रुतत नाही, हेही लक्षात ठेवावे. खाडीसारख्या उथळ भागात ब्लूफिन ट्रेव्हलीसाठी मी मध्यम ताकदीचा रॉड वापरते. तिथे 9/0 चा गळ दोनदा नुसता घसरून आला, आणि बारीक तारेचा 5/0 लावल्यावर अडचण दूर झाली. पीई 8 या जाडीची दोरी आणि त्याला साजेसा जड रॉड असेल तरच मोठे माप घ्यावे.

पुढील सफरीसाठी मी मुलामा दिलेले, मुळातच बार्ब नसलेले गळच मागवले आहेत: 7/0 जास्त, 9/0 थोडे, आणि उथळ पाण्यासाठी 5/0 चे एक पाकीट. रिंगा त्याहून एक माप जड घेतल्या आहेत.