सीबीटी शिकायचीय: खान्देशात एम.ए. करून थांबावं की पुढे जावं?

एम.ए. मानसशास्त्राचा शेवटचा पेपर झाला की जळगाव-धुळ्याकडच्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलून त्रास कमी करणारी बोलण्याची उपचारपद्धती, शिकायचीय, पुढे काय करू? घरचे म्हणतात, इथंच शाळेत समुपदेशकाची नोकरी धर. मोबाइलवर शनिवार-रविवारच्या कोर्सच्या जाहिराती. पुण्याला जायचं तर दोन वर्षं आणि वर खोलीचं भाडं. मी तिन्ही वाटांनी गेले आहे, म्हणून लिहिते.

आधी एक समजून घ्या. आपल्याकडे ‘सीबीटी थेरपिस्ट’ असा वेगळा परवाना नाही. कायद्यात ओळख आहे ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, आणि त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. इंग्लंडमध्ये सीबीटीची स्वतंत्र पदव्युत्तर पदविका असते. तिथली बीएबीसीपी ही संस्था मान्यता देताना देखरेखीखाली केलेल्या थेरपीचे किमान २०० तास मागते. हा ‘देखरेखीखाली’ शब्द लक्षात ठेवा. आपल्याकडचे पर्यायही त्याच मापानं मोजायचे.

बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कॉलेजांत एम.ए. घरी राहून होतं, खर्च कमी. या पद्धतीचा पाया घालणारे बेक आणि एलिस, चाचण्या, संशोधनपद्धती, पाया तिथं पक्का करून घ्या. पण एम.ए. कुठल्याही विद्यापीठाचं असो, नुसत्या त्या पदवीवर थेरपी येत नाही. त्यावर शाळा-कॉलेजात, संस्थांमध्ये समुपदेशकाचं काम मिळतं आणि ते काम मोलाचं आहे. फसगत होते ती नावामुळे: नेहमीच्या एम.ए.ला ‘क्लिनिकल’ हा विशेष विषय घेतला म्हणजे आरसीआयची नोंदणी मिळते असं नाही. प्रवेशाआधी आरसीआयच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत त्या अभ्यासक्रमाचं नाव स्वतः शोधा.

छोटे कोर्स. मी एक केला होता. स्लाइड छान, प्रमाणपत्र त्याहून छान, आणि सगळ्या कोर्समध्ये एकही पेशंट नाही. फी भरून झाल्यावर फोन उचलणं बंद. म्हणून सगळेच वाईट असं नाही. सीबीटीच्याच कुळातल्या विवेकनिष्ठ पद्धतीचं, म्हणजे आरईबीटीचं, काम ठाण्याच्या आयपीएचसारख्या मानसिक आरोग्य संस्थेत मराठीतून कित्येक वर्षं चालू आहे, आणि मराठीत विचार पकडायला शिकणं इंग्रजी स्लाइडपेक्षा फार वेगळं असतं. पण कोर्स ही भर आहे, पाया नाही.

तिसरी वाट आरसीआयमान्य क्लिनिकल प्रशिक्षणाची. माझ्या वेळी दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. होतं, पुण्यात, रांचीत, बंगळुरूच्या निम्हान्समध्ये. यूजीसीनं त्याच्या प्रवेशाला २०२५-२६ पर्यंतचीच मुदत दिली. पुढचा रस्ता आरसीआयमान्य एम.ए. क्लिनिकल आणि साय.डी., म्हणजे मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट, असा आहे. सरकारी संस्थेत फी आवाक्यातली, जागा मात्र मोजक्या.

त्या दोन वर्षांत काय मिळतं ते एका पेशंटवरून सांगते. साक्रीकडची बाई, मुलाकडे भोसरीला आलेली. बसमध्ये छातीत धडधड, ‘आता मी मरणार’. मला अहिराणी येते म्हणून केस माझ्याकडे आली. प्रसंग, विचार, भावना लिहायचा तक्ता पुढे ठेवला तर ती नुसती बघत राहिली. मग विचारलं, ‘तुमना मनमा काय उनं?’ आणि ती बोलू लागली. मला वाटलं, जमलं! बाईंच्या परवानगीनं केलेलं रेकॉर्डिंग पर्यवेक्षक मॅडमनी ऐकलं आणि मध्येच थांबवलं. ‘घाबरू नका, काही होणार नाही’ हे मी एका सत्रात चार वेळा म्हटलं होतं. मॅडम म्हणाल्या, तू धीर देतेस तोवर ती तुझ्या धीरावर बसमध्ये चढेल. धडधड आपोआप उतरते हे तिला कळणारच नाही. हातातली पाण्याची बाटलीही तेच काम करत होती. मग आम्ही पायऱ्या लावल्या: आधी थांब्यावर उभं राहणं, मग एक थांबा, मग बाटली घरी ठेवून दोन थांबे. माझी ती चूक पुस्तकानं कधीच दाखवली नसती.

मानसोपचार समाजकार्य हाही चांगला मार्ग आहे, विशेषतः एमएसडब्ल्यू झालेल्यांना. पण त्यात कुटुंब आणि पुनर्वसनावर भर जास्त.

माझं मत विचाराल तर दोन वर्षं काढता येत असतील तर जा. जळगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट पुण्याला जाते, आणि परत आलात तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पद असतं. ज्यांना घर सोडता येत नाही, लहान मूल आहे, आईवडील आजारी आहेत, त्यांनी एम.ए.नंतर समुपदेशकाचं काम धरावं आणि महिन्याच्या पगारातून अनुभवी थेरपिस्टचं पर्यवेक्षण विकत घ्यावं. ऑनलाइन चालेल. कोर्सवाल्यांना पैसे देण्याआधी एवढंच विचारा: माझं सत्र कोण ऐकणार, आणि किती वेळा?