तीन भाषांची पत्रिका आणि इंकस्केप: एका छपाईवाल्याचं मत

"फुकट आहे, वापरून बघा" असं म्हणून आमच्या लाइनीत कुणी हलत नाही. बऱ्याच डीटीपीच्या (संगणकावर पानं मांडायच्या) टेबलांवर जे चालतं तेही फुकटचंच असतं, फक्त चोरीचं. त्यामुळे इंकस्केप या चित्रं आणि मांडणी करायच्या खुल्या सॉफ्टवेअरची शिफारस मी पैशाच्या नावानं करणार नाही.

माझं काम सोलापूरच्या भवानी पेठेत. लग्नपत्रिका, चादरी-टॉवेलची लेबलं, बिलबुकं. सोलापूरचं गिऱ्हाईक म्हणजे नवऱ्याकडचे तेलुगू, नवरीकडचे अक्कलकोटकडचे कन्नड, आणि पत्रिका वाटायची सगळी मराठी शेजाऱ्यांना. जुन्या फॉन्टांत हे काम म्हणजे शिक्षा होती. प्रत्येक भाषेचा फॉन्ट वेगळा, कळांची मांडणी वेगळी. मजकूर व्हॉट्सअॅपवर तपासायला पाठवला की मामाच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि डॉलरची चिन्हं. इंकस्केपमध्ये युनिकोड (सगळ्या लिप्यांना चालणारा एकच संकेत) मजकूर सरळ चिकटवायचा. तिन्ही लिप्या एका पानावर, आणि जोडाक्षरं जागच्या जागी. मी पहिल्यांदा 'वऱ्हाडी मंडळी' टाइप करून बघितलं, कारण नवीन सॉफ्टवेअर आमच्याकडे तिथंच आपटतं. नीट आलं.

फॉन्टचा प्रश्न मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांनी सोडवलाय. त्यांच्या 'अनेक' या फॉन्टात नऊ भारतीय लिप्या आणि रोमन आहेत, सगळ्यांची जाडी एकमेकांना धरून. मराठीखाली कन्नड ओळ टाकली तर ती उसनी आणल्यासारखी दिसत नाही. परवाना खुला: धंद्यासाठी वापरा, गिऱ्हाइकाला द्या, हवा तर बदला, फक्त नुसता फॉन्ट विकायचा नाही. लग्नाला शोभतील असे वळणदार फॉन्ट मात्र खुल्यात कमीच. तिथं मी अजून अडतो.

लेबलाच्या कामाला याच्याइतकं सोयीचं मी दुसरं वापरलेलं नाही. चादरीवाल्यांचे छाप वडिलांच्या काळचे असतात, मूळ कागद पिवळा पडलेला. तो स्कॅन करून 'ट्रेस बिटमॅप' दिलं की रेषा तयार होतात, मग काठ हातानं साफ करायचे. स्क्रीन प्रिंटिंगला प्रत्येक रंगाचा लेयर वेगळा ठेवला की पॉझिटिव्ह (छाप पडद्यावर उतरवायची फिल्म) काढणं सोपं.

आता खोड. इंकस्केप आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, विचार करतं. चार रंगी ऑफसेटला त्याची पीडीएफ तशीच दिली तर हळदीचा पिवळा आणि कुंकवाचा लाल बदलून येण्याची भीती असते. चार रंगी काम मी स्क्राइबस या पानं मांडायच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन तिथून सीएमवायके (छपाईच्या चार शायांची) पीडीएफ काढतो. स्क्राइबस १.६ किंवा पुढचंच घ्या, जुन्या १.४ मध्ये देवनागरीची मोडतोड होते. कोरलड्रॉ या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली इंकस्केपमध्ये उघडतात, पण मजकूर आणि छटा हलतात. जुना साठा तसाच चालेल या भरवशावर उडी मारू नका. आणि धूसर सावल्या फार लावल्या की चार जीबीच्या मशीनवर चहा होईपर्यंत थांबावं लागतं.

खरी गोष्ट फाइलची आहे. इंकस्केपची एसव्हीजी फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा: अक्षरांच्या रेषा केल्या नसतील तर नवरदेवाचं नाव मराठीत वाचता येतं. हे उघडं मानक आहे, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेनं २००१ साली मान्य केलेलं. सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी फाइल मेली असं होत नाही. आमच्या धंद्यात मात्र रीत उलटी. ओपन फाइल (बदल करता येणारी मूळ फाइल) गिऱ्हाइकाला द्यायची नाही, म्हणजे पुढच्या वर्षीच्या बिलबुकाला तो आपल्याच दारात येतो. मी द्यायला लागलो तेव्हा शेजारचे दुकानवाले म्हणाले, "काय ओ, धंदा बुडवायला बसलात काय?" काही गिऱ्हाइकं गेलीही. राहिली ती काम आवडतं म्हणून राहिली, आणि तीच शेजाऱ्यांना घेऊन येतात.

आता ज्यांना मी हे शिकवतो त्यांच्याशी माझं भांडण. कामावरची पोरं इंकस्केप अडलं की शिवी देतात आणि जुन्याकडे पळतात. अरे, २००३ मध्ये सोडिपोडी या जुन्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमधून फुटून निघालेला हा प्रकल्प आवृत्ती १.० पर्यंत पोचायला २०२० उजाडलं, आणि तेही बरंचसं लोकांनी आपल्या सवडीच्या वेळात केलं. तिथं बसलेल्या बनवणाऱ्याला तुझं 'वऱ्हाड' फाटलेलं कसं दिसणार? सांग की. चूक कळवायला इंग्रजी फर्डं लागत नाही. आवृत्तीचा आकडा, एक स्क्रीनशॉट, आणि ती चूक दाखवणारी छोटी फाइल. गिऱ्हाइकाचे फोन नंबर आणि पत्ते आधी काढून टाक, एवढं भान ठेव. मराठी, कन्नड, तेलुगू एकाच पानावर रोज लावणारी माणसं आहेत किती? आपण नाही सांगितलं तर त्यांना कुणी सांगायचं?

माझे गुण: लेबलं आणि एकरंगी कामाला पाचपैकी साडेचार, पत्रिकेला चार, चार रंगी ऑफसेटला अडीच. ज्याला सुरुवात करायचीय त्यानं लग्नसराईत करू नये. पावसाळ्यात दुकान रिकामं असतं, तेव्हा एखादं बिलबुक घ्यावं आणि जुनं सॉफ्टवेअर लगेच काढून टाकू नये.