थंडीच्या रात्री सोबत काय न्यावं: चपटी की थर्मास?

कडाक्याच्या थंडीत तंबूत रात्र काढायचं ठरलं की सामान भरताना एक वाद हमखास निघतो. एक जण म्हणतो, रमची चपटी घेऊ, अंगात ऊब राहील. दुसरा म्हणतो, थर्मास भरून गोड चहा घेऊ. तिसरा नुसता ऐकतो आणि शेवटी ओझं त्याच्याच पाठीवर येतं. मी दोन्ही वाहून नेलेलं आहे आणि दोन्ही प्यायलेलंही आहे. दारू प्यावी की पिऊ नये हा इथला विषय नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. प्रश्न एवढाच, की थंडी वाजत असताना या दोघांपैकी कामाला कोण येतं?

आधी चपटीबद्दल बोलू, कारण तिच्यावर बऱ्याचदा अन्याय होतो. "दारूने ऊब येते हा निव्वळ भ्रम आहे" असं ठासून सांगणाऱ्यांनी बोटं आखडलेली असताना कधी घोट घेतलेला नसावा. ऊब वाटते, आणि चांगली वाटते. घशात जळजळ होते, थोड्या वेळाने कानाच्या पाळ्या तापतात, गाल लाल होतात, बोटांची टोकं पुन्हा आपलीशी वाटायला लागतात. चपटीला वजन नाही, तिला विस्तव लागत नाही, ती पहाटेपर्यंत कोमट होत नाही. आणि चार माणसांत तिने जी मैफल जमते ती चहाने जमत नाही, हे कबूल करायला हवं.

अडचण अशी, की ही ऊब नव्याने तयार झालेली नसते. आतली बाहेर आलेली असते. गारठ्यात शरीर कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेतं, गरम रक्त हृदय, फुप्फुसं, यकृत यांच्याभोवती राखून ठेवतं आणि हातपाय खुशाल गार पडू देतं. दारू त्या वाहिन्या सैल करते आणि रक्त कातडीकडे धावतं. गार-गरम ओळखणाऱ्या नसांची टोकंही मुख्यतः कातडीतच असतात, त्यामुळे मेंदूला खबर जाते की आता सगळं ठीक आहे. शेगडी पेटलेल्या खोलीची दारं-खिडक्या सताड उघडली, तर अंगणात उभ्या असलेल्या माणसाला खोली मस्त तापलीय असंच वाटेल. आत काय उरलं हे त्याला कळत नाही.

त्यात दारूने कुडकुडणंही कमी होतं. आपल्याला ते सुखाचं वाटतं, पण कुडकुडणं हीच शरीराची खरी शेगडी आहे. जोरात हुडहुडी भरलेला माणूस निवांत बसलेल्या माणसाच्या पाचपटीपर्यंत उष्णता तयार करू शकतो. ती शेगडी मंद करायची आणि वर टोपी काढून गप्पा मारत बसायचं, हा व्यवहार तोट्याचाच आहे. टोपी काढली जातेच. दोन पेगनंतर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून बसलेला माणूस मला तरी आजवर भेटलेला नाही.

आता थोडा हिशेब करू, कारण हिशेबात चपटी पुढे दिसते आणि वादात तोच आकडा तोंडावर फेकला जातो. 60 मिलीच्या पेगमध्ये, 40 टक्क्यांच्या हिशेबाने, साधारण 19 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ग्रॅमला 7 कॅलरी धरल्या तर 130च्या आसपास कॅलरी झाल्या. याउलट 60 अंशांवरचा पाव लिटर चहा पोटात जाऊन 37 अंशांवर येईपर्यंत शरीराला त्याच्या गरमपणातून 6 कॅलरीसुद्धा मिळत नाहीत. 60 किलोच्या माणसाचं अंग एका अंशाने तापवायला 50 कॅलरी लागतात. म्हणजे त्या चहाने फार तर एक दशांश अंशाचा फरक पडेल. गरम चहाने शरीर आतून तापतं, ही समजूतसुद्धा तशी पोकळच आहे. चहातली खरी कमाई साखरेची: दोन चमचे टाकले तर 40 कॅलरी.

मग 130 मोठे की 46? कागदावर 130. पण यकृत अल्कोहोल आपल्याच गतीने जाळतं, तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅम, आणि तेवढा वेळ बाकीचं इंधन थांबवून ठेवतं. एकूण उष्णतेत म्हणावी तशी भर पडत नाही. शिवाय त्या गडबडीत यकृताचं दुसरं काम मागे पडतं, ते म्हणजे रक्तात नवी साखर सोडण्याचं. दिवसभर चालून आलेल्या, धड न जेवलेल्या माणसाला हे महागात पडतं. साखर उतरली की कुडकुडायलाही त्राण राहत नाही. चहातली साखर मात्र थेट कामाला लागते.

हे सगळं मला आता माहीत आहे, पण माझा निकाल यातल्या कुठल्याच शास्त्रावर लागला नाही. तो लागला लघवीवर.

थंडीत एरवीही लघवी जास्त होते. हातापायांतलं रक्त आत सरकलं की मूत्रपिंडांना वाटतं शरीरात पाणी जास्त झालंय, आणि ती ते काढून टाकायला लागतात. पाणी धरून ठेवायला सांगणारं एक संप्रेरक असतं, व्हॅसोप्रेसिन. दारू नेमकं तेच दाबते. म्हणजे थंडीचा हुकूम एक आणि दारूचा वर आणखी एक, दोन्ही "सोडा" म्हणणारे. निजताना घेतलेल्या दोन पेगांची वसुली मध्यरात्र उलटली की सुरू होते.

त्या वसुलीचा तपशील ज्याने भोगलाय त्यालाच कळेल. आधी अर्धा तास आपण स्वतःला समजावतो की एवढी काही लागलेली नाही. मग स्लीपिंग बॅगची चेन चाचपडायची. ती निम्म्यावर आतल्या कापडात अडकते, आणि कापड फाटेल म्हणून ओढताही येत नाही. बॅटरी उशाशी ठेवलेली असते, पण नेमकी आता खांद्याखाली गेलेली असते. बुटांचं चामडं कडक झालेलं, त्यांची जीभ आत दुमडलेली, नाड्या ओल्या होऊन ताठ. नाड्या न बांधता तसंच बाहेर पडायचं. वारा नेमका समोरून. परत येईपर्यंत बॅगेत साठलेली सगळी ऊब निघून गेलेली असते आणि पुढचा तासभर पावलं बर्फासारखी राहतात. तोवर दारूही उतरलेली असते. दारूने झोप लवकर लागते हे खरं, पण रात्रीच्या उत्तरार्धात तीच झोप तुकड्या-तुकड्यांची होते. टक्क जागं राहून पहाटेची वाट पाहायची, आणि पहाट म्हणजे सगळ्यात गार वेळ. तेवढ्यात पुन्हा लागते.

(जाता जाता एक सांगतो. "भरलेलं मूत्राशय गरम ठेवण्यात शरीराची शक्ती जाते, म्हणून लगेच उठावं" असं बरेच जण सांगतात. त्यात फारसं तथ्य नाही. आतलं पाणी आधीच अंगाइतकं गरम असतं. उठावं ते झोप लागावी म्हणून.)

चहाचंही पाणीच होतं, मग चहाने लागत नाही का? लागते. त्यात कॅफिनही असतं. पण मोठा कप निजण्याच्या तासभर आधी संपवला, जाऊन आलो आणि रात्री जाग आली तर थर्मासमधले दोनच घोट घेतले, की माझी रात्र बहुतेक वेळा एका दमात पार पडते. चपटीच्या रात्री तसं झाल्याचं आठवत नाही. मी काही नोंदवही ठेवलेली नाही, हा आपला अंगावरचा अनुभव. माझे काही मित्र तीन पेग मारून सकाळी सातपर्यंत घोरतात. मूत्राशय आपापलं असतं. तुमचं तसं असेल तर माझा हा मुद्दा तुमच्यापुरता निम्मा झाला असं समजा.

मग दुसऱ्या निम्म्याकडे जरा नीट पाहा. शरीराचं आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की माणूस अडखळत बोलतो, त्याचे पाय लटपटतात, तो चिडचिड करतो, शब्द विसरतो. दोन-तीन पेग झालेला माणूसही हेच सगळं करतो. तंबूतल्या प्रत्येकाने थोडी थोडी घेतलेली असेल, तर यातला कोण नुसता झिंगलाय आणि कोण खरंच गारठत चाललाय हे ओळखणार कोण? त्यात 32 अंशांच्या आसपास कुडकुडणं आपोआप थांबतं आणि बघणाऱ्याला वाटतं, चला, बरं वाटतंय त्याला. अशा माणसाला "दोन घोट घे, तरतरी येईल" म्हणून चपटी देणं म्हणजे त्याच्या अंगात उरलेली ऊबही बाहेर काढून देणं. ओले कपडे बदलायचे, खाली जाडजूड काहीतरी अंथरायचं, वर पांघरूण घालायचं. तो पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तरच गरम, गोड काहीतरी द्यायचं, आणि लवकरात लवकर मदत मिळवायची. तेव्हा थर्मास हाताशी असलेला बरा.

यावर कोणी ना कोणी म्हणतंच, "मग हिमात अडकलेल्यांना वाचवायला जाणारे ते गळ्यात ब्रँडीचं पिंप अडकवलेले कुत्रे?" ते पिंप चित्रातलं आहे. एडविन लँडसीअर या इंग्रज चित्रकाराने 1820 मध्ये हिमात सापडलेल्या वाटसरूपाशी उभे असलेले दोन कुत्रे रंगवले आणि एकाच्या गळ्यात पिंप दाखवलं. लोकांना ते इतकं आवडलं की ते चिकटूनच राहिलं. आल्प्समधल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतल्या ज्या मठाने हे कुत्रे पाळले, तिथले साधू सांगत आले आहेत की आमचे कुत्रे असलं काही घेऊन जात नव्हते.

फौजांचं उदाहरणही निघतं. ब्रिटिश नौदलात खलाशांना रोजची रम 31 जुलै 1970 पर्यंत मिळत होती, आणि दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सरकारने आघाडीवरच्या सैनिकांना दिवसाला 100 ग्रॅम व्होडका लावून दिली होती. पण घरापासून दूर, मरणाच्या छायेत असलेल्या माणसाला धीर देणं वेगळं आणि त्याचं तापमान टिकवणं वेगळं. त्यापेक्षा मला नॉर्वेचा ध्रुवप्रदेश-संशोधक नान्सेन याचं उदाहरण पटतं. 1888 मध्ये तो स्कीवरून ग्रीनलंड ओलांडायला निघाला तेव्हा सोबत स्पिरिट होतं, पण ते स्टोव्हमध्ये जाळून बर्फ वितळवायला आणि अन्न शिजवायला. प्यायला नाही.

चहातच रम ओतली तर? चवीला उत्तम. पण त्याने कातडीकडे रक्त धावायचं थांबत नाही आणि मध्यरात्रीचं उठणंही चुकत नाही. फक्त दोन्ही वस्तू वाहून न्याव्या लागतात.

आणि हाडं गोठवणाऱ्या थंडीत जाणार असाल तर आणखी एक. 40 टक्क्यांची दारू उणे 27 अंशांच्या आसपास गोठते. पाणी गोठलं की डोळ्यांना दिसतं, पण रात्रभर बाहेर राहिलेली चपटी उणे 20 वरही पातळच दिसते. तिचा मोठा घोट घेतला तर तोंडाला आणि घशाला इजा होऊ शकते.

थर्मास म्हणजे काही सोनं नव्हे. रिकामा असतानाच जड असतो. दुधाचा चहा भरला तर दुसऱ्या दिवशी झाकण उघडवत नाही, म्हणून मी बिनदुधाचा, जास्त साखरेचा भरतो. पहिला कप जीभ भाजतो आणि पहाटेचा कोमट निघतो. आणि तो पिशवीत गळला तर काही खरं नाही. ओली स्लीपिंग बॅग कुठल्याही पेगपेक्षा जास्त थंडी देते.

चपटीला जागाच नाही असंही नाही. दार बंद असलेली खोली, कोरडे कपडे, पोटात जेवण, आणि सकाळपर्यंत कोणाला बाहेर जायचं नाही, अशा ठिकाणी कातडीवाटे जाणारी ऊब खोलीतच राहते आणि फार बिघडत नाही. तिथे खुशाल बसा. तंबूत किंवा उघड्यावर रात्र असेल तर, निदान माझ्या पिशवीत तरी, ती जागा थर्मासची.

तो नेणार असाल तर भरण्याआधी आत उकळतं पाणी घालून पाच मिनिटं ठेवा आणि ओतून द्या, म्हणजे चहाची पहिली धग भांडं तापवण्यात जात नाही. काठोकाठ भरा, रिकामी जागा जितकी कमी तितका तो जास्त वेळ गरम राहतो. आणि निघायच्या आदल्या रात्री भरून, मोरीत उलटा ठेवून बघा. वॉशर गेलेला असेल तर तो घरीच कळलेला बरा.